गाडी ज्याच्या नावावर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, पूर्वी इस्पितळात एक्स-रे काढत असे, सध्या घरीच, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, कोणी धाक घातलेला नाही आणि गोड बोलून लिहवूनही घेतलेलं नाही. नावं, पत्ते आणि क्रमांक वकिलांनी सोबतच्या पुरवणीत टाइप केले आहेत. इथे मी प्रत्येकाला घरात जे म्हणते तेच म्हणणार, कारण हा कागद घरातच वाचला जाणार आहे. यापूर्वीचं मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात गाडी भंगारात द्यावी असं लिहिलं होतं. ते चूक होतं आणि धोक्याचंही होतं.

१. राहतं घर, त्यातलं सामान आणि बँकेत असेल ते सगळं माझ्या एकुलत्या एका लेकीला. जिन्याची चौथी पायरी हलते, ती आधी दुरुस्त करून घ्यावी.

२. शिलाई मशीन शेजारच्या शिंपीणबाईंना. गेली आठ वर्षं त्या ते माझ्याकडून "दोन दिवसांसाठी" नेत आहेत, तेव्हा आता कायमचंच घेऊन जावं.

३. हत्यारांची पत्र्याची पेटी मिस्त्रींना. स्पार्क प्लगचा पाना त्यांचाच आहे. मी तो परत केला नाही, हे त्यांना माहीत आहे आणि त्यांनी कधी मागितला नाही.

४. आता गाडी. या कलमासाठीच हा सगळा खटाटोप आहे, म्हणून ते लांबेल. वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात कारणं लिहायची नसतात." मी म्हटलं, "तुम्ही टाइप करू नका, मी हाताने लिहिते."

गाडी माझ्या सासऱ्यांनी घेतलेली, आमच्या लग्नाच्याही आधीची. चार गिअर, गोल दिवे, पहिला गिअर हट्टी. सासऱ्यांनी जाताना वाटणी केली तेव्हा दुकान धाकट्या मुलाला, म्हणजे माझ्या दिराला दिलं, आणि गाडी ह्यांना. भाऊजींना गाडीच हवी होती. दुकान मिळूनही ते वर्षभर तोंड फुगवून होते. कागद हातात देताना सासरे ह्यांना म्हणाले होते, "जिवासारखी जप." आम्हाला ती बोलण्याची पद्धत वाटली.

हे जमिनीची मोजणी करत. गाडी चालवायला मला ह्यांनीच शिकवलं. पहिल्याच आठवड्यात मी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये असताना वेग पार कमी केला आणि गिअर न उतरवता तशीच रेटली. इंजिन घरघरायला लागलं, सगळी गाडी थरथरली. शेजारी बसलेल्या ह्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "अगं, मला दम लागला." मी हसले. "गाडीला लागलाय, तुम्हाला नाही."

मग एकदा हे दूर मोजणीला गेले असताना मी एकटीनेच तशी चूक केली. संध्याकाळी घरी आल्यावर ह्यांनी सांगितलं, की सव्वाअकराच्या सुमाराला मोजणीची साखळी हातातून सुटली आणि बांधावर बसावं लागलं. सव्वाअकराला मी बाजाराच्या चढावर होते.

मी ह्यांच्या छातीचा फोटो काढला, तोही स्वतःच्या हाताने, दोन बाजूंनी. फुप्फुसं स्वच्छ, हृदय जागच्या जागी, नीट. डॉक्टर म्हणाले, "घोड्यासारखी तब्येत आहे." मग मी एक गोष्ट केली, ती आजवर कोणाला सांगितलेली नाही. हे घरी पेपर वाचत असताना मी गाडी टेकडीच्या पायथ्याशी नेली, चौथा गिअर टाकला आणि चढ घेतला. तोंडाने दहा अंक मोजले. घरी परत आले तर हे स्वयंपाकघरात फरशीवर पडलेले, ओठ राखेसारखे. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू होतीस ना?" रागावले नाहीत. त्यामुळे मला जास्तच लागलं.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिस्त्रींकडून गाडी नव्याने शिकून घेतली. मिस्त्री म्हणत, "इंजिनाला विचारल्याशिवाय काही करू नका. ते सांगतं, आपणच ऐकत नाही." सव्वीस वर्षं आम्ही ऐकलं. हे सुखात होते. गाडी फार दिवस उभी राहिली की ह्यांचे गुडघे धरायचे, मग आम्ही उगाच फिरायला जायचो. माझ्या संसारातले उत्तम दिवस ते.

एकोणीस वर्षांपूर्वी भाऊजींनी नवं घर बांधायला काढलं. ते टेकडीवर होतं. फरशा वर न्यायला त्यांनी एका दिवसासाठी गाडी मागितली. मी नको म्हणत होते. हे म्हणाले, "धाकटा आहे, किती वर्षं तोंड फिरवून राहायचं?" किल्ली देताना ह्यांनी तीनदा बजावलं, की ओझं कमी घाल आणि चढ लागण्याआधीच दुसऱ्या गिअरवर ये. भाऊजी म्हणाले, "दादा, मला काय गाडी चालवता येत नाही?"

दहा चाळीसला हे आरशासमोर दाढी करत होते. मी मागे पलंगपोस घडी करत होते. ह्यांनी वस्तरा खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी बेसिन धरलं. आरशात बघत, पण स्वतःकडे नाही, अगदी शेजारी बसलेल्या माणसाला सांगावं तसं म्हणाले, "दुसऱ्यात घे रे. उतरव गिअर. अरे, दुसऱ्यात घे." आवाज चढला नाही. शेवटी शेवटी तर विनवणीच होती. मी धावले तोवर गुडघे दुमडले होते. अर्ध्या चेहऱ्यावर साबण तसाच.

मला वाटलं, इथे तरी संपलं. लेक तेव्हा शिकायला परगावी होती. ती येऊन, राहून, परत गेली. महिन्याभराने मी गाडी बाहेर काढली. कागद अजून ह्यांच्याच नावावर होते. पुलाच्या चढावर माझं लक्ष नव्हतं, गिअर उतरवायला उशीर झाला आणि शेजारच्या रिकाम्या सीटवरून कण्हणं आलं. इंजिनाचा आवाज मी ओळखते आणि ह्यांचाही ओळखते. माणूस गेला म्हणून त्याची सुटका झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी नोंदणी कार्यालय उघडायच्या आधीच मी दारात उभी होते. कारकून म्हणाला, "बाई, एवढी घाई कसली? पुढच्या आठवड्यात या." मी म्हटलं, "माझं माणूस खोळंबलंय." मी तिथून हललेच नाही. दुपारी तीनला त्याने शिक्का मारला आणि माझ्या बरगड्यांच्या आत काहीतरी बसलं, कुलपात किल्ली बसावी तसं. तेव्हापासून गाडी माझ्या नावावर आहे. शेजारची सीट गप्प आहे.

भंगारात का नाही, याचं उत्तर हे, की मिस्त्रींनी एकदा दुरुस्तीसाठी इंजिन खोललं, तेव्हा तीन दिवस माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. विकायची का नाही, याचं उत्तर हे, की जुन्या गाड्यांचा एक शौकीन चौकशीला आला होता. मोठा सभ्य माणूस. त्याचं मी काय म्हणून वाईट करू?

मागच्या वर्षी भाऊजी आले. पुढच्या खोलीत बसले, चहाला हात लावला नाही. म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी मी दादाचा आवाज ऐकला. टेकडीच्या अर्ध्यावर. गाडीतून येत होता. दुसऱ्यात घे म्हणत होता."

"मग?"

"मला वाटलं, माझ्या मनातूनच येतोय. इथेही शिकवतोय मला. रागाने आणखी दाबली." मग म्हणाले, "ती माझ्या नावावर करा, वहिनी. मला कळलंय ती काय आहे. म्हणूनच मागतोय."

मी म्हटलं, "चहा निवतोय." ते गेल्यावर कप फेकून दिला, बशीसकट.

वर्षभर विचार करून मी ठरवलं आहे ते असं: गाडीची मालकी भाऊजींना. त्यांची लेखी संमती पुरवणीत आहे. गाडीची किल्ली, आणि ती चालवण्याचा एकटीचा हक्क, माझ्या लेकीला. दोघांनी हे एकमेकांत बदलू नये.

वकिलांनी विचारलं, मग आत्ताच का नाव बदलत नाही? कारण मी जिवंत असताना ती त्यांच्या नावावर गेली आणि किल्ली माझ्या हाताला लागली, तर माझ्या हाताचा मला भरवसा नाही. हे मी पूर्ण शुद्धीवर लिहिते आहे.

५. मी गेल्यानंतर नाव बदलेपर्यंत गाडी जागची हलवू नये. कारण वर आलंच आहे. तेवढं माझ्यासाठी करावं.

६. लेकीस. माझे डोळे अधू झाल्यापासून गाडी पुलापलीकडे तुझ्याच घरी असते, आणि तू ती चालवतेस. कोणाच्या छातीवर चालवतेस, हे तुला मी सांगितलं नव्हतं. तुझा हात हलका आहे. पाच वर्षांत तीनदाच मला भिंत धरावी लागली. तरीही लिहून ठेवते. थंड गाडीला चोक दे, पण सुरू झाल्याबरोबर निघू नकोस, तापमानाचा काटा हलेपर्यंत थांब. क्लच पूर्ण दाब, आणि काम झालं की पाय त्यावरून काढ. पाय ठेवून बसलं की रात्रंदिवस मळमळतं. पहिला गिअर चालत्या गाडीत कोंबू नकोस. तो दातावर दात घासल्यासारखा लागतो. चढ दिसला की चढाच्या आधी गिअर उतरव. इंजिन घरघरायची वाट बघू नकोस, तोवर उशीर झालेला असतो. उतारावर गिअर काढून गाडी मोकळी सोडू नकोस. सगळ्यात भयंकर ते, पडत राहिल्यासारखं वाटतं. आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढ.

तू हे वाचशील तेव्हा काका समोर बसलेले असतील आणि किल्ली तुझ्या मुठीत असेल. तुझे बाबा कसे गेले, हे तुला आत्ताच कळलेलं असेल. वर न बघता आधी पाणी पी. काकांना माफ कर असं मी म्हणणार नाही, मला स्वतःला ते जमलेलं नाही. टेकडी आहे तिथेच आहे, आणि दहा अंक मोजायला फार वेळ लागत नाही. पण ते दहा अंक मी मोजलेले आहेत. त्यांचं पुढे काय होतं, ते चौथ्या कलमात लिहिलं आहे. ते पुन्हा एकदा वाच, आणि मग ठरव.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: ९ जानेवारी २०१९, सकाळी साडेदहा
लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिला, डॉक्टर: बाईंना मी तपासलं आहे. त्या पूर्ण शुद्धीवर असून कागदाचा अर्थ त्यांना कळतो. एक नोंद करणं मला भाग आहे. सही करायला पेन टेकवल्यावर बाईंनी ते उचललं आणि डोळे मिटून घेतले. नाडी माझ्या बोटांखाली होती. ती आधी अडखळली, मग जलद झाली आणि हळूहळू एका लयीत आली. मी विचारल्यावर म्हणाल्या, "जरा थांबा. लेक गाडी काढतेय. आज थंडी आहे." खिडक्या बंद होत्या, आणि लेकीचं घर इथून चार मैलांवर आहे. दीड मिनिटाने त्यांनी डोळे उघडले, म्हणाल्या, "थांबली हो गरम होईपर्यंत," आणि सही केली. (सही)

साक्षीदार दुसरी, शेजारीण, शिवणकाम: मी समोर होते. डॉक्टरांनी लिहिलंय तसंच घडलं. नंतर मी लेकीला फोन करून वेळ विचारली. ती काय म्हणाली, ते इथे लिहू नका असं बाईंनी सांगितलं आहे. (सही)