समोरचा डोंगर

ता. ८ नोव्हेंबर १९३६, रविवार

पुन्हा तोच फोटो. तिसऱ्यांदा! रेल्वेच्या ग्यांगमधले हसतात — सुट्टी मिळाली की हा कामशेतहून दोन कोस तंगडतोड करत जातो, आणि आणतो काय, तर डोंगर! "अरे सोपान, एखादी बाई तरी काढ!"

त्यांना काय सांगू. आमच्या यावलकडं काळी सपाट जमीन. नजर टाकली की जाते ती जातेच. रेल्वेच्या कामाला इथं आलो तर चहूकडून डोंगर. पहिलं वर्ष जीव गुदमरला. दोनदा पळून जायला निघालो होतो. मग विलायतेला परत जाणाऱ्या गार्डसाहेबानं आपली ही काळी पेटी दिली. तिच्या बारीक काचेत डोंगर बोटाएवढा दिसतो. तेव्हा कुठं बरं वाटलं.

जागा ठरलेली. सावरवाडीच्या ओढ्याच्या अलीकडं चढावर हत्तीएवढा धोंडा आहे. त्यावर बसलं की डाव्या हाताला ओढ्यापलीकडचा डोंगर, त्यावर तीन हिरडे ओळीनं उभे, त्यांच्या खाली वाडीची अकरा घरं. सगळ्यांच्या मागं, लांब, घाटाची धार. धोंड्यावर छिन्नीनं चार खुणा केल्यात, पेटीच्या चार कोपऱ्यांना. दर वेळी पेटी तिथंच. केसाचा फरक नको. वैशाखात काढला, श्रावणात काढला (नुसतं धुकं आलं!), आता काढला. एकाच डोंगराची वर्षभराची तोंडं शेजारी शेजारी लावायची आहेत. का, ते माहीत नाही.

ता. २२ नोव्हेंबर, रविवार

वाडीत शिरताना पहिलं घर झुंबरमावशीचं. मुलगा भिमाजी माझ्याच वयाचा, सून रतन. भात झोडणं चाललं होतं. मावशीनं ताक दिलं. म्हणाली, "पल्याड धोंड्यावर बसून सारका आमच्याकडं काय बगतोस रं?"

म्हटलं, डोंगर.

"त्यो काय पळून चाललाय व्हय?"

लय हसले सगळे. मीही हसलो.

ता. १७ जानेवारी १९३७, रविवार

आज जे बघितलं ते कुणाला सांगू?

लोणावळ्याला फकरुद्दीनभाईंकडं गेलो होतो. बाजारात त्यांचं फोटोचं दुकान. हवा खायला येणाऱ्या शेठलोकांचे फोटो काढतात. मागच्या काळ्या खोलीत मला रोळ धुऊ देतात, मी त्यांच्या बाटल्या आणि थाळ्या घासून देतो. चौथी नापास माणसाला हायपो न् डेव्हलपर शिकवला त्यांनी.

सहज म्हणून वैशाखाची फिल्म नोव्हेंबरच्या फिल्मवर ठेवली आणि खिडकीशी धरली. मागची घाटाची धार जुळली, रेघ न् रेघ. पण हिरडे जुळेनात! तिनाचे सहा दिसायला लागले. हिरडे जुळवावेत तर धार सुटते. धार जुळवावी तर हिरडे सुटतात. फरक दोऱ्याएवढाच. पण तिन्हीच्या तिन्ही झाडं ओढ्याकडं उतरलेली.

वीस वेळा धरून बघितलं. वीसही वेळा तेच.

फकरुद्दीनभाई गिऱ्हाइकात होते. फिल्मा खिशात घालून गाडी पकडली.

ता. १८ जानेवारी

कामात लक्ष नाही. मुकादम म्हणाला, "रूळ बघ रूळ! डोंगर कुठं जात नाही!"

ता. ३१ जानेवारी, रविवार

नवा फोटो धुतला. नोव्हेंबरच्या फिल्मवर ठेवला — जुळला! हिरडेसुद्धा.

आधी आनंद झाला. मग कळलं. कोरड्या दिवसांत डोंगर जागचा हलत नाही. पावसात उतरतो. पाऊस यायला साडेचार महिने.

ता. ७ मार्च, रविवार

सांगितलं. पार तोंडघशी पडलो.

वाडीत राबाची तयारी चाललीय — भाताची रोपं टाकायच्या वाफ्यावर फांद्या, पाला, शेण अंथरतात आणि पेटवतात. भिमाजीला म्हटलं, सगळ्यांना एकदा गोळा कर. ओढ्याकाठच्या महादेवाच्या देवळापाशी, दीपमाळेच्या सावलीत बसले. वाडीत सर्वांत वडील कोंडाजीआबा. त्यांनी फिल्म हातात घेतली, उलटीपालटी केली, वास घेतला.

"डोंगर हालला म्हनतोस? माज्या आज्यानं बगितला तितंच हाय. तुजाच हात हालला आसंल."

"आबा, धोंड्यावर खुणा केल्यात. पेटी तसूभरही हलत नाही."

"मग त्या पेटीनंच वढला आसंल. सारकं आपलं टिपतंय, टिपतंय! डोंगराला दिष्ट लावलीस तू."

काही जण हसले. काही हसले नाहीत, तेच वाईट. निघताना एक बाई मला बघून पोराचं तोंड पदरानं झाकत होती.

भिमाजी पाणंदीपर्यंत सोडायला आला. म्हणाला, "सोपानभाऊ, राग नका मानू. पर थोडं दिस हिकडं येऊ नका."

ता. २१ मार्च

गेलो नाही. खोलीत बसवेना म्हणून स्टेशनात येरझारा घातल्या.

आईचं पत्र आलं. मामानं भुसावळला जिनिंगमध्ये जागा बघितलीय, ये म्हणते. जावं! सपाट मुलूख, कुठं काही अंगावर येत नाही. पण ती फिल्म जवळ ठेवून जेवण कसं जाईल?

ता. १८ एप्रिल, रविवार

लांबूनच गेलो, वाडीत न शिरता. राब पेटलेत. सगळ्या दरीत धूर, ऊन तांबडं. फोटो काढला. धुरात हिरडे दिसतायत — तिघं माणसं खाली उतरायचा विचार करत थांबावीत तशी.

असं काही सुचतं आणि मग चालताना मान पुन्हा पुन्हा मागं वळते.

ता. ९ मे, रविवार

झुंबरमावशीनंच बोलावणं धाडलं! "ती काच घेऊन ये."

अंगणात बायकाच बायका. पुरुष कुणी नाही, सगळे शेताला. मी दोन्ही फिल्मा सुर्व्याकडं धरल्या. एकेक जण एक डोळा मिटून बघायची आणि बाजूला व्हायची. रतनला आठवा महिना. ती सगळ्यांत जास्त वेळ बघत राहिली.

"आत्याबाय, खरंच की वो. योक-योक झाड दोन-दोन दिसतंय."

मावशीनं पुन्हा बघितलं. मग पदर खोचला. "मी न्हाई ऱ्हायाची हितं. माजी सून ऐन पावसात बाळतीन व्हनार. आबाला बसू दे डोंगर धरून."

"पर जायाचं कुटं?" कुणी तरी म्हणालं.

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी हात केला, ओढ्यापलीकडं, माझ्या धोंड्याच्या खाली. तिथं वाडीचे गुरांचे गोठे आहेत. ऐसपैस जागा, उतारही असा उभा नाही. म्हटलं, "वर्षभर तिथंच बसतोय मी. ती बाजू पक्की आहे."

"तू म्हनतोस?"

"मी म्हणतो."

ता. ३० मे, रविवार

दहा घरं हलली! मीही दिवसभर ओझी वाहिली. वासे, कणग्या, उतरंडी, देव्हारे, कोंबड्यांची खुराडी. भिमाजीनं जातं पाठीवर घेतलं होतं. म्हणाला, "सोपानभाऊ, तुमचं चुकलं तर ह्ये तुमच्या डोस्क्यात घालनार हाय, आधीच सांगून ठेवतो!"

कोंडाजीआबा तेवढे आले नाहीत. ओट्यावर चिलीम ओढत बसले होते. "जावा! गुरांच्या जागी माणसं ऱ्हावा. माज्या घरात लय जागा झाली आता."

चालून चालून पायांचे तुकडे पडलेत. पण जन्मात पहिल्यांदा माझ्या शब्दावर कुणी काही केलं. बापानंही कधी ऐकलं नव्हतं. धोंड्यावर उभा राहून खाली बघितलं, दहा चुलींचा धूर.

ता. २० जून

पाऊस. घाटात दगड पडतायत, आम्हाला रात्रंदिवस काम. वाडीकडं जाता आलं नाही. मनात सारखं — पडला का? पडला का?

ता. ४ जुलै, रविवार

नाही पडला! हिरडे उभे. आबांचं घर उभं. म्हातारा पलीकडून मला बघून काठी उंच करून ओरडला, "आजून हाय बरं का मी!" गोठ्यांतली सगळी माणसं हसली. मीही हसलो, पण खोटं. मनात कुठं तरी वाटलं, एखादा दगड तरी घरंगळायला हवा होता. असलं वाटतं म्हणजे मी काय माणूस आहे?

रतनला मुलगी झाली. पाच दिवसांची. मावशीनं उचलून माझ्या मांडीवर दिली. "घे. तुज्यामुळं सुकरूप झाली." एवढीशी मूठ. माझं बोट धरलं तिनं आणि सोडेना.

इथं मजेत आहेत सगळे. गोठ्यांच्या मागं, धोंड्याखाली, नवा झरा फुटलाय. बायकांना आता ओढ्यावर जायला नको! पाणी जरा गढूळ, चहासारखं. मावशी म्हणते चार दिवसांत निवळेल. भिमाजी दाराशी झटत होता. दोनदा तासलं तरी दार चौकटीत बसत नाही. "लाकूड फुगतंया," म्हणाला.

ता. १८ जुलै, रविवार

तासभर उघडलं. धावत वर गेलो आणि फोटो काढला. पेटी सरळ राहीना, एका कोपऱ्याखाली पान दुमडून घातलं. खाली भाताची आवणी चाललेली, बायका चिखलात वाकून गाणी म्हणत होत्या. बाळ झोळीत होतं, बांधावरच्या करंजाला टांगलेलं.

रोळ संपला. पुढच्या रविवारी धुईन. आबांना दाखवायचाच आहे. डोंगर किती उतरला ते त्यांच्या डोळ्यांनी बघू देत.

ता. २५ जुलै १९३७, रविवार. लोणावळा

तीन दिवस पाऊस खंडलेला नाही.

फिल्म ओली असतानाच वैशाखाच्या फिल्मवर धरली. फरक दोऱ्याएवढा होता, तो आता सुतळीएवढा! मी फकरुद्दीनभाईंना मोठ्यानं हाक मारली. बघा, डोंगर! त्यांनी भिंग लावलं.

"झाडं सरकलीत, खरं आहे. पण ही देवळाची दीपमाळही सरकलीय की रे. तिकडंच! तीही चालायला लागली?" आणि हसले.

दीपमाळ. ओढ्याच्या कातळात रोवलेली, नुसता दगड. ती कुठं सरकेल? वर्षभर मी झाडांखेरीज काही बघितलंच नाही. आबांचं घरही तिकडंच सरकलंय. ओढ्याचा बांधही. जवळचं सगळंच्या सगळं एकाच बाजूला, लांबची धार तेवढी जागेवर. चालत्या गाडीतून दिसतं तसं.

म्हणजे तिथलं काही हललेलं नाही. हललाय धोंडा. माझ्याखालचा. त्याच्या खालची सगळी बाजू. दहा घरांसकट.

तीनची गाडी आहे. कामशेतपासून दोन कोस. पेटी इथंच ठेवतो, पळायचंय. आज ते माझं ऐकतील. पोचलो तर.