प्लीज डू द नीडफुल

हेब्बाळ, बंगळूर
३ जून २०२४

चि. भार्गवीस,
वासुदेवकाकाचे अनेक आशीर्वाद. फोनवर बोललो की तुझी सुनंदाकाकू ऐकते, म्हणून हे पत्र. आमचा बोम्मसंद्राचा कारखाना गुजरातला चालला आहे. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या सुनंदाला घेऊन मी कुठे जाऊ? इथलं गोदाम मात्र राहणार आहे. म्हणून अर्ज दिला. घरची परिस्थिती लिहिली आणि शेवटी, नेहमीप्रमाणे, ‘प्लीज डू द नीडफुल’. नवे साहेब अभिराज तुझ्याच वयाचे. त्यांनी अर्ज परत पाठवून विचारलं, नक्की करू काय? तू पुण्यात इंग्रजी शिकवतेस. माझं चुकलं का गं?
लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझा,
वासुदेवकाका

पुणे
८ जून २०२४

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.
ज्या ‘नीडफुल’ला मी वर्गात हसते, ते माझ्या घरातच निघालं! चूक नाही ते. पण काय करायचं हे समोरच्याला आधीच ठाऊक असेल, तरच चालतं. एरवी सरळ लिहावं: ‘मला इथल्या गोदामात ठेवा आणि सोमवारपर्यंत कळवा.’ इंग्रजी मसुदा सोबत आहे. भीड भिकेची बहीण, काका! मला तुमची फार काळजी वाटते. काकूंना नमस्कार.
तुमच्या मायेची हक्कदार,
भार्गवी

हेब्बाळ
१७ जून २०२४

चि. भार्गवीस,
अनेक आशीर्वाद. तुझा मसुदा जसाच्या तसा दिला. साहेब म्हणाले, इतकं स्वच्छ पत्र या ऑफिसात पहिल्यांदाच पाहिलं. दुपारी उत्तर आलं, तेही तितकंच स्वच्छ. गोदामात जागा नाही. गुजरातला यायचं नसेल, तर महिनाअखेरीस काम संपलं.
तुझ्यावर राग नाही, बाळ. पण आमच्याकडे कोणी सरळ मागत नसे, म्हणून कोणाला सरळ नाही म्हणावं लागत नसे. ‘नीडफुल’ लिहिलेला कागद टेबलावर पडून राही आणि माणूस कामावर येत राही. जुने साहेब तो मुद्दाम तसाच पडू देत. माझ्या जोडीच्या ज्योतिबाची बदली तशीच पडून राहिली, तो इथूनच रिटायर झाला. आता कशाची वाट बघायची, तेच उरलं नाही.
कारखाना जातोय, हे शेजारणीकडून सुनंदाच्या कानावर गेलंच. मी म्हटलं, अर्ज दिलाय, साहेब बघू म्हणालेत. ती इथल्या कानडीत ‘सरी’, म्हणजे बरं, म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. तिने तुला फोनवर विचारलं, तर तूही तेच सांग.
माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
वासुदेवकाका