मोरखेडीच्या शाळेची भिंत

॥ श्री चामुंडा प्रसन्न ॥
देवास, १२ जुलै २०२४

श्रीमती सावित्रीबाई यांस इंदिरेचा सप्रेम नमस्कार वि. वि.

मुलांचा घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली, तरी तुम्हाला विहीणबाई म्हणायचं सोडून दुसरं काही सुचत नाही. फोन करावा तर आरोही माझा फोन चाळते, आणि तुम्हाला फोनवर ऐकूही येत नाही. पोस्टमनवर मात्र अजून कुणाचा संशय नाही.

आरोहीला मोरखेडीच्या कन्याशाळेत अतिथी शिक्षिकेची जागा मिळाली. तिथल्या नगर परिषदेत तुमचा कुशल उपयंत्री म्हणून बांधकामं तपासतो, हे तिला रुजू झाल्यावर कळलं. पहिल्याच आठवड्यात तिनं त्याच्याविरुद्ध अर्ज दिला. शाळेची नवी इमारत परिषदेच्या अध्यक्षांच्या मेहुण्यानं बांधली, रेतीच रेती आहे, आणि कुशल डोळे मिटून बसलाय, असं तिचं म्हणणं. मागे त्यानं ओढ्यावरच्या कच्च्या रपट्याच्या, त्या बुटक्या पुलाच्या, कागदावर काम पक्कं म्हणून सही केली आणि तो पहिल्याच पुरात वाहून गेला, त्यापायी तर ती तुमचं घर सोडून आली.

रविवारी ती इथं येते. त्याच्यावर चिडलेली असली तरच पोटभर जेवते. एरवी ताटात नुसती बोटं फिरवते. बघवत नाही. शाळेच्या लोकार्पणाला तुम्ही जाल का? माझा गुडघा मला बसमध्ये चढू देत नाही. दोघं समोरासमोर आल्यावर काय दिसतं ते खरं कळवा.

कागदावरून नातं गेलं, मनातून जाऊ देऊ नये ही विनंती.
तुमची,
इंदिरा


॥ श्री कालिका प्रसन्न ॥
धार, ५ ऑगस्ट २०२४

ती. इंदिराबाईंना सावित्रीचा साष्टांग नमस्कार वि. वि.

तुमच्या सांगण्यावरून मोरखेडीला जाऊन आले. असलं लोकार्पण मी जन्मात पाहिलं नाही.

त्या गावात प्रत्येकाचा वाटा ठरलेला. हारवालासुद्धा पाहुण्यांच्या गळ्यातले हार काढून परत विकत होता. कुशलनं इमारतीच्या कागदावर सही केलीच नव्हती. म्हणून अध्यक्षांनी त्याला मंचावर बोलावून शाल घातली आणि चारचौघांत पेन पुढे केलं. आरोहीला वाटलं, झाली सही. ती तरातरा वर चढली आणि छत्रीचं टोक तिनं मागच्या भिंतीत खुपसलं. प्लास्टर थेट पाहुण्यांच्या साफ्यावर. कुशल माइकवरच म्हणाला की जागा चुकली, खरं कच्चं काम बीमजवळ आहे. ती म्हणाली, मला शिकवू नकोस. तो म्हणाला, शिकली असतीस तर बरं झालं असतं. मला बहिरीलाही सगळं ऐकू आलं. शेवटी त्यानं तिच्या हातची छत्री घेतली आणि बीमखाली अशी मारली की मोठा ढलपाच खाली आला. शाळेच्या मुली टाळ्या वाजवायला लागल्या.

दोघं तिच्या स्कूटीवर पळाले, मला पहिल्या रांगेत विसरून. मी बसनं घरी पोचले, तर पोहे कुणी करपवले यावरून स्वयंपाकघरात वाद चाललेला. मी ओसरीवरच बसून राहिले. दोन वर्षं या घरात आवाज म्हणून नव्हता. माझ्या डोळ्यांना धार लागली.

निघताना अध्यक्ष माझ्यापुढे हात जोडून म्हणाले होते, आई, मुलाला जपा. ते काही मला बरं वाटलं नाही.

आशीर्वाद असू द्यावा, आत्ताच जास्त लागणार आहे.
तुमची,
सावित्री


॥ श्री चामुंडा प्रसन्न ॥
देवास, २ सप्टेंबर २०२४

चि. सावित्रीबाईंना अनेक आशीर्वाद.

काय लिहू? कुशलच्या डब्याच्या पिशवीत नोटा कुणी ठेवल्या, हे अख्ख्या मोरखेडीला ठाऊक आहे, आणि बोलणारा एकही नाही. लाचेचा छापा पडून त्याला धरून नेलं त्याच दिवशी शाळेनं आरोहीला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

ती तुम्हाला सांगणार नाही, म्हणून मी लिहिते. तुरुंगात त्याच्या भेटीला गेली तेव्हा तिनं स्वतःला त्याची बायको म्हणून नोंदवलं. जाळीपलीकडून कुशलनंच शिपायाला सांगितलं की आमचा घटस्फोट झालाय, खोटी नोंद करू नका. ती भडकली. म्हणाली, एवढा खरेपणा संसारात दाखवला असता तर मी गेलेच नसते. दोघांची अशी जुंपली की शिपाई कुशलला म्हणाला, भिया, इतनी लडाई तो घरवालीच करती है, आणि वेळ संपल्यावरही त्यानं तिला उठवलं नाही.

हे सांगताना ती हसत होती. मग म्हणाली, आई, तो फार वाळलाय. त्यानंतर ती जेवली नाही.

स्वतःला सांभाळा. तुमच्याकडे पाहून तो उभा राहील.
तुमची,
इंदिरा


॥ श्री कालिका प्रसन्न ॥
धार, २१ डिसेंबर २०२४

ती. इंदिराबाईंना साष्टांग नमस्कार वि. वि.

जमानत होऊन कुशल घरी आला. निलंबन कायम आहे, आणि खटला वर्षानुवर्षं चालेल असं वकील म्हणतात. त्याच्या जागी आलेल्या साहेबांनी सही केली. भिंतीला नवं प्लास्टर झालं, मुली त्याच वर्गांत बसतात. आरोहीला सर्वांत जास्त ते लागतं.

तिनं इथंच शिकवण्या धरल्यात. रोज येते आणि मुद्दाम काहीतरी उकरून काढते. त्याचं सिमेंटचं गणित चुकलं होतं म्हणते, दाढी भिकाऱ्यासारखी वाढलीय म्हणते. तो खिडकीशी बसून नुसता हो म्हणतो. परवा तो असाच हो म्हणाला आणि ती स्वयंपाकघरात जाऊन ओटा धरून उभी राहिली. मी पाठीवर हात ठेवला, तर म्हणाली की याला सोडवून आणलं, पण भांडणारा माणूस तिथंच राहिला.

काल तिनं माझ्यादेखत त्याला पुन्हा लग्नाचं विचारलं. तो म्हणाला, आता माझ्यात भांडायचं बळ उरलं नाही, मी तुझ्या काय कामाचा? ती त्याच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावत म्हणाली, तुझ्या वाटचंही मी भांडेन, तू फक्त ऐकत जा.

त्यानं मान हलवली. तोंडानं हो म्हणाला नाही, मानच हलवली.

पुढल्या महिन्यात कचेरीत नोंदणी आहे. बँड नाही, पाहुणे नाहीत. तुम्ही मात्र याच. तिला हसऱ्या चेहऱ्यानं सही करताना बघायचं मला एकटीला सोसवणार नाही.

वाट पाहते.
तुमची,
सावित्री