आरारूटाचा डबा

बोरिवली (पूर्व),
१२ जानेवारी २०२६

चि. सौ. रश्मी हिस,
अनेक आशीर्वाद.

फोन केला की तू लगेच सुबोधकडे देतेस, म्हणून हे पत्र. एकुलत्या एका सुनेला पत्र लिहायची वेळ आली, त्याला माझीच जीभ कारण.

इमारत पाडणार म्हणून आवराआवर चाललीय. काल माळ्यावर तो आरारूटाचा डबा सापडला. आत कॉर्नफ्लॉवरचं पाकीट, तोंडाला माझ्या मोरपंखी साडीची चिंधी. अशी चिंधी माझ्याशिवाय आपल्याकडे कोण बांधतं? नानांच्या सुपासाठी मीच आणलं होतं आणि हाताला लागलेल्या डब्यात कोंबलं होतं.

चार वर्षांपूर्वीच्या महाशिवरात्रीला तू उपासाचे बटाटे केलेस, सालासकट जाड फोडींचे, कुरकुरीत. वेजेस म्हणायचीस तू. मी बशी दोनदा मागितली. मग माझ्या नणंदेनं, शांताबाईंनी, डबा उघडून पाकीट दाखवलं. मक्याचं पीठ उपासाला चालत नाही. मी सगळ्यांदेखत म्हणाले की सुनेनं मुद्दाम उपास मोडला, आईबापांनी हेच शिकवलं. महिन्याभरात तुम्ही मुलुंडला गेलात.

नाना म्हणायचे, पोर खोटं बोलणार नाही, तिनं पाकीट पाहिलंच नसेल. त्यावरून माझ्याशी धड बोलेनासे झाले. गेल्या वर्षी हॉस्पिटलात त्यांनी तुझे बटाटे मागितले. तुला फोन करणं मला कमीपणाचं वाटलं. मी केलेले वातड झाले, दोन खाऊन त्यांनी डबा बंद केला. रश्मी, मला माफ कर.

लोभ ठेव म्हणायचा हक्क नाही. उरला असेल तेवढा राहू दे.

जयंती


मुलुंड,
२० जानेवारी २०२६

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

माफी मागू नका, मला ती पचणार नाही.

त्या दिवशी पहिला घाणा मऊ पडला. पाहुण्या बसलेल्या, त्या घाईत अर्धवट उकडलेले बटाटे मी कोरडे होऊच दिले नाहीत. आरारूट लावू म्हणून डबा उघडला, तुमची गाठ सोडली. पाकिटावरचं नाव मी वाचलं होतं, आई. म्हटलं, पांढरं पीठ, कुणाला कळतंय? माझ्या हातचं तुम्ही कधीच नावाजलं नव्हतंत. तुम्ही पुन्हा बशी मागितलीत आणि मी सांगायचं टाळलं.

नानांनी मला बाजूला घेऊन विचारलं. मी देवाशपथ नाही म्हटलं. ते माझ्यासाठी तुमच्याशी भांडले आणि मी इथे बसून तुम्हाला नावं ठेवली. त्यांच्या दिवसांना आले तेव्हा फोटोकडे बघवेना. तुम्हा दोघांची ती शेवटची वर्षं मी नासवली. ती कुठून परत आणू?

राग येईलच. तो ओसरला तर आठवण ठेवा.

आपली,
रश्मी


बोरिवली (पूर्व),
३० जानेवारी २०२६

चि. सौ. रश्मी हिस,
आशीर्वाद.

राग आला. आठ दिवस नुसता धुमसत होता. मग वाटलं, एका शाबासकीसाठी सुनेला उपास मोडावा लागला, अशी कसली मी सासू?

पंधरा फेब्रुवारीला महाशिवरात्र आहे, रविवार. दोघं या. आरारूटाचं नवं पाकीट आणलंय, फोडलेलं नाही. बटाटे पुरते कोरडे होईपर्यंत मी घाई कर म्हणून तोंड उघडणार नाही, वचन देते.

पहिली बशी नानांच्या फोटोपुढे ठेवू. तू तुझं सांग, मी माझं सांगते. ते होते तेव्हा आपल्यापैकी एकीनंही सांगितलं नाही.

वाट बघतेय,
जयंती