माझी तलफ तू घे

२ मार्च

पोचलो एकदाचा! पावस गावाच्या अलीकडे डांबरी रस्ता सुटला आणि पुढचं अंतर लाल धुरळ्यात न्हाऊन काढलं. पुण्यात कारखान्याच्या स्टोअरमध्ये उभं आयुष्य घालवलेला माणूस हापूसच्या बागेचा मॅनेजर झाला, यावर माझ्या सासुरवाडीचा अजून विश्वास बसलेला नाही. खरं सांगायचं तर माझाही नाही. पण हृदयात दोन स्टेंट बसवल्यावर डॉक्टरांनी धूर, धावपळ आणि संताप, तिन्ही सोडायला सांगितलं. पहिली दोन इथे सुटतील. तिसऱ्याचं बघू.

रोजनिशी हेही डॉक्टरांचंच औषध. हात खिशाकडे जायला लागला की पेन धरायचं. मेहुणा म्हणाला, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. म्हटलं, तुझ्या नाकावर टिच्चून सोडून दाखवतो.

सिगारेट राहीसाठी सोडली आहे. आयसीयूच्या दाराशी तिने विचारलं होतं की बाबा, मी मोठी होईपर्यंत तू असशील ना? दहा वर्षांच्या पोरीने हे विचारावं! बायकोने, तेजस्वीने, तर सरळ सांगितलंय, पुन्हा एक जरी ओढलीस तर आम्ही दोघी नाही. परीक्षा संपली की दोघी इकडे येणार.

बागेचे मालक फैझान दोह्याला असतात. त्यांची आत्या झुबेदाबी बागेच्या दगडी कुंपणापलीकडे, म्हणजे गडग्यापलीकडच्या घरात एकट्या राहतात. आल्या आल्या त्यांनी तांदळाची भाकरी आणि सुरमईचं कालवण पाठवलं. इतकं जेवलो की उठवेना.

५ मार्च

तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. हात थरथरतात, डोकं भणभणतं, तोंडात पितळेची चव. सकाळी खोकून खोकून बेजार होतो. माझा खोकला घरात प्रसिद्ध आहे. दोन छोटे ठसके, एक लांब ठसका, मग खाकरून थुंकणं. राही त्याची नक्कल करते.

आज बाबल्यावर धावून गेलो. बाबल्या म्हणजे झाडावरचा आमचा सगळ्यात तरबेज गडी. त्याने एक आंबा देठाशिवाय उतरवला, चीक सालीवर ओघळला. चूक एवढीशी. मी रिकामं क्रेट उचलून त्याच्या डोक्यात घालणार होतो. मुकादम केरू मध्ये पडला म्हणून निभावलं. बाबल्या नुसता हसला, म्हणाला, सायेबांक बिडी देवा कोनीतरी. सगळे हसले. मला रडू आलं.

केरू साठीचा आहे, या बागेत जन्म गेला त्याचा. गडग्याच्या कोपऱ्यात एक जुनं रायवळ आंब्याचं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी दगड. तो बागेचा राखणदार. दर शनिवारी केरू एक बिडी पेटवून दगडाच्या फटीत खोचतो आणि मागे न बघता परत येतो. मालक मुसलमान, तरी नारळ-कोंबड्याचा खर्च फैझानच्या आजोबांपासून चालू आहे. मला मात्र त्या बिडीच्या वासाने वेड लागायची पाळी आली. दगडाला मिळते, मला नाही!

९ मार्च

हरलो होतो. बॅगेच्या तळाशी लपवलेलं पाकीट काढलं, एक सिगारेट ओठांत धरली. तेवढ्यात राहीचा फोन आला. बाबा, आज नाही ना ओढलीस? नाही म्हणालो तेव्हा ती ओठांतच होती.

फोन ठेवला आणि तसाच तणतणत रायवळाकडे गेलो. कोकणात देवापुढे घालतात ती गाऱ्हाणी मोबाईलवर पाहिली होती, त्याच सुरात मोठ्याने म्हणालो, बा राखणदारा, तुला एवढी आवडते ना? मग ही माझी तलफ तू घे. सगळी घे, मुळासकट घे, मला तिचा कण ठेवू नकोस. अख्खं पाकीट आणि लायटर दगडाखाली सारलं. गंमत म्हणून केलं, तरी केरूसारखाच मागे न बघता परत आलो.

१० मार्च

गेली! सकाळी उठलो आणि तलफ नाही. हात स्थिर. खोकला नाही. छाती धुऊन वाळत घातल्यासारखी हलकी. मी अंगणात एकटाच नाचलो. हौसेने केरूला सांगायला गेलो तर त्याचा चेहरा उतरला. काय शब्द उच्चारले ते त्याने दोनदा विचारून घेतलं आणि म्हणाला, "सायेब, तेला नारळ द्यायचा, कोंबा द्यायचा, ताकद मागायची. आपली खोड नाय द्यायची. तो सबदाचा पक्का हाय."

मी म्हटलं, मग उत्तमच की.

१८ मार्च

जगाला वास आहे हे मी विसरलोच होतो. मोहोराचा, शेणाचा, सुकत घातलेल्या सोड्यांचा. आमटीला चव आहे. कातळाचा चढ न थांबता चढून जातो. रत्नागिरीत जाऊन तपासण्या केल्या, डॉक्टर एक्स-रेकडे बघतच राहिले. इतकी वर्षं ओढणाऱ्याची फुप्फुसं अशी दिसत नाहीत म्हणाले. फोटो तेजस्वीला पाठवला. ती रडली. राहीने मला शंभरपैकी शंभर मार्क दिले.

एक बारीकशी गोष्ट. सकाळी आठच्या सुमाराला रायवळाकडून खोकल्याचा आवाज येतो. दोन छोटे ठसके, एक लांब. मग खाकरणं. गडी माझ्याकडे बघतात. मी त्यांच्या समोर उभा असतो.

२५ मार्च

शिमगा. वाडीची पालखी घराघरांत नाचत आली, आमच्या फाटकापाशी मात्र अडली. खांदेकऱ्यांनी जोर लावला, पालखी मागेच जाऊ लागली. शेवटी फाटकाबाहेरूनच ओटी भरून घेतली आणि मंडळी गेली. कोणी माझ्याशी बोललं नाही.

केरू आता शनिवारची एक नाही, रोज बंडलभर बिड्या ठेवतो. सकाळी त्या चघळून, चिरडून फेकलेल्या असतात. परवा भर दुपारी, वाऱ्याची झुळूकही नसताना, फळांनी लगडलेल्या चार फांद्या खांद्यापासून पिळून तोडल्या गेल्या. आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. मला ती चिडचिड ओळखीची वाटली. क्रेट उचलताना माझ्या हातात होती ती.

३१ मार्च

बागेचा कुत्रा गेला. सकाळी उजेडात, आमच्या डोळ्यांदेखत. रायवळाकडे बघून भुंकत होता, अचानक जमिनीवरून वर उचलला गेला, अंग कपडा पिळावा तसं पिळलं आणि गडग्यावर आपटलं. एकदा नाही. आपटतच राहिलं. दगड लाल होईपर्यंत.

केरूने माझे पाय धरले. उपाय एकच आहे म्हणाला. दगडापाशी बसायचं, बिडी पेटवायची, माझं मला परत दे म्हणायचं. ज्याने दिलं त्यानेच घ्यायचं.

मी नाही म्हणालो. का घेऊ? पुन्हा तीच थरथर, तोच खोकला, एक दिवस छातीत कळ आणि खेळ खलास? राहीला काय सांगू? कुत्र्यासाठी? केरूला म्हटलं, हंगाम संपेपर्यंत बघू. एवढं बोलून जेवायला बसलो आणि जेवण गेलंही. लाज वाटते लिहायला, पण गेलं.

६ एप्रिल

बाबल्या मेला.

दुपारच्या सुट्टीत झाडाखाली बिडी ओढत बसला होता. मी शेडमध्ये पेट्या भरत होतो. किंकाळी ऐकून धावलो. तो बुंध्याला टेकून उभा होता, पाय जमिनीला लागत नव्हते. त्याची छाती आत जात होती. बरगड्या एकेक मोडण्याचा आवाज, वाळक्या काटक्या मोडाव्यात तसा. मग फणस फोडतात तशी छाती मधून उघडली. कोणीतरी आत तोंड घालून ओढत होतं. लांब, खोल झुरका. मला तो झुरका माहीत आहे. सकाळची पहिली मी तशीच ओढायचो.

त्याचं तोंड उघडं होतं, त्यातून धुराची शेवटची रेघ निघाली आणि तीही मागे ओढून घेतली.

वनखात्याचे लोक बिबट्या म्हणाले. पिंजरा लावणार आहेत. शवविच्छेदन करणारे डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आंबोशीसारखी सुकलीत, असं कधी पाहिलं नाही. बाबल्याची बायको माझ्याकडे बघून विचारत होती, सायेब, तुमी तिथंच व्हतात ना?

होतो.

७ एप्रिल

गेलो दगडापाशी. केरू लांब उभा. बिडी पेटवली. राहीची शपथ मोडली. ओढली, एकामागून एक सात. माझं मला परत दे म्हणालो, ओरडलो, दगडावर डोकं आपटलं. कपाळ फुटलं.

काही नाही. गरम हवा. चव नाही, किक नाही, साधा ठसका नाही. धूर छातीत थांबतच नाही.

शेजारून कोणीतरी खोकलं आणि माझ्या ओठांतली बिडी खेचून घेतली. ओठाची सालही.

केरू म्हणाला, आता तो देनार नाय, सायेब. चटक लागली तेला. केरू स्वतः बिडी ओढणारा. तासाभरात दाभोळला मुलीकडे निघून गेला. ओढणारे सगळे गडी गेले. बाग पिकतेय, आंबे पडतायत, उचलायला कोणी नाही.

मी का नाही गेलो? मला वाटलं, ओढणारेच नाहीत तर तो कोणाला धरणार? उपाशी मरेल.

१२ एप्रिल

काल ईद. झुबेदाबींनी गडग्यावरून शीरखुर्म्याचा डबा दिला, इतका कसा वाळलास म्हणून रागावल्या.

आज सकाळी त्यांच्या परसात—

उजेड होता. कपडे वाळत घालत होत्या. मी गडग्यावरून उडी मारून पोचेपर्यंत— दोरीवरची ओली चादर लाल झालेली. हात अजून हलत होते. मी छाती दोन्ही हातांनी दाबून धरली, मिटवायला बघत होतो, माझ्या बोटांमधून त्याने ओढलं.

त्या कधी ओढत नव्हत्या. तंबाखूला शिवल्या नाहीत. मग का?

१३ एप्रिल

दफनाला केरू आला होता. बागेत न येता फाटकाबाहेरच उभा राहिला. त्याला विचारलं, का?

म्हणाला, त्यांचा नवरा चाळीस वर्षं बिड्या ओढायचा. घरात. त्यांच्या उशाशी बसून.

म्हणजे त्याला ओढणारा नकोय. ज्याच्या छातीत धूर साठलाय तो—

राही. आमची एकच खोली. ती पाळण्यात होती तेव्हापासून. थंडीत खिडकी लावून. मी खिडकीही उघडत नव्हतो. तिचा दमा. माझीच सिगारेट, माझाच धूर, सगळा तिच्या छातीतच आहे. त्याने माझी तलफ घेतली आहे. त्याला माझाच धूर गोड लागणार.

तेजस्वीला फोन केला. येऊ नका. काही झालं तरी येऊ नका. कारण विचारलं. काय सांगू? अडखळलो, ओरडलो. ती म्हणाली, परत सुरू केलीस ना? खोटं बोलता आलं नाही, एक दिवस ओढली म्हणालो. तिने फोन ठेवला.

हात दाखवून अवलक्षण. आता उचलत नाही.

१४ एप्रिल, सकाळ

तेजस्वीचा मेसेज आला. राही रात्रभर रडली. तुला समोर बसवून विचारायचं म्हणते. आम्ही निघालोय, भावाच्या गाडीने. साखरप्याला चहाला थांबलो होतो.

फोन करतोय. रेंज नाही त्यांना. मी बाहेर जाऊन रस्त्यात अडवतो—

गेलो होतो. फाटकाच्या बाहेर पाऊल टाकलं की खोकला माझ्या पुढे. रस्त्यावर. तो बागेत थांबत नाही आता. मी जिथे जाईन तिथे येतोय. मी त्यांच्याकडे गेलो तर मीच त्याला घेऊन जाईन.

परत आलो. फाटकाला कुलूप, साखळी. त्याला इथे गुंतवून ठेवायचं. परतताना दुकानातून उचलून आणलेली सिगारेटची सगळी पाकिटं फोडली. मला घे. मला फोड.

दुपार

ओढतोय. एकीवर एक पेटवून. डाव्या हाताने लिहितोय.

समोर आहे. दिसत नाही, पण धूर त्याच्यापाशी वळतो. वाकलाय. माझ्या छातीला नाक लावून—

शर्ट फाडला. नखं. बरगडीवर दाब. हां. घे. घे ना. रक्त येतंय, येऊ दे—

थांबला.

दाब गेला. हुंगतोय नुसता. परत परत. नाही, नाही— माझ्यात काहीच नाही. सगळं त्यालाच दिलं मी. एक्स-रे स्वच्छ. तो माझ्या तोंडावर खोकला आणि मला बाजूला ढकललं, रिकामं पाकीट ढकलावं तसं—

गाडी. हॉर्न. साखळी तुटली, मी नाही तोडली—

ती हाक मारतेय. बाबा म्हणतेय. धावत येतेय, धापा टाकत—

राही मागे जा राही श्वास घेऊ नको श्वास