माग क्रमांक सातवरील पुतळा हटवून मूळ माणूस परत मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
जुनी गिरणी वारसा केंद्र,
पहिला मजला (पूर्वीचे सूतगोदाम).

विषय : दुपारच्या पाळीतील पुतळा काढून लंबू यास पूर्ववत कामावर घेणेबाबत.

संदर्भ : १) लंबूविरुद्ध अर्जदाराचे आजवरचे सर्व अर्ज. २) ते मंजूर केल्याचा आपला आदेश.

महोदय,

१. अर्जदार या गिरणीत माग क्रमांक सातवर दिवसपाळीचा विणकर होता. त्याच मागावर रात्रपाळीला जो होता, त्याला सगळी गिरणी लंबू म्हणे. अर्जदाराची उंची कमी असल्याने मागापुढे उभे राहताना त्याला पायाखाली लाकडी फळी लागते. लंबू पाळी सोडताना ही फळी लपवून जात असे. गिरणी बंद पडेपर्यंत ती सकाळी जागेवर सापडल्याचे अर्जदारास स्मरत नाही. दोघांत छत्तीसचा आकडा होता, अद्याप आहे आणि या अर्जाने तो बदलत नाही, याची नोंद घ्यावी. अर्जदारही पाळी सोडताना धोट्यात मुद्दाम सूत संपत आलेली कांडी ठेवून जाई, असा लंबूचा आरोप आहे. तो खरा आहे, परंतु प्रस्तुत विषयाशी त्याचा संबंध नाही.

२. पुढे गिरणीचे वारसा केंद्र झाले. बॉयलरच्या खोलीत कॉफीचे दुकान आले आणि पाहुण्यांना दाखवायला सात नंबरचा माग तेवढा चालू ठेवला. सकाळी अर्जदार, दुपारी लंबू. लगेच फळी पुन्हा गायब होऊ लागली. कधी ती कॉफीवाल्याच्या साखरेच्या कपाटात निघे, कधी कुंड्यांमागे, एकदा तर आपल्या नावाच्या उद्घाटनशिलेमागे. पाहुणे ताटकळत, अर्जदार फळी हुडकत फिरे आणि पाळी दुपारची असूनही लंबू सकाळीच दारात उभा राहून "मिळाली का रे?" असे विचारी. अर्जदाराच्या तळपायाची आग मस्तकात जाऊन त्याने आपणाकडे लंबूला काढण्याचे अर्ज केले. गिरणी चालू असताना अर्जदाराने पंख्यासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी आणि चष्म्यासाठीही अर्ज केले होते. एकही मंजूर झाला नाही. अर्ज मन मोकळे करण्यासाठी करायचा असतो, अशी अर्जदाराची अनुभवाने समजूत झाली होती. आपण या खुर्चीत नवीन आहात. आपण अर्ज मंजूर केले.

३. लंबूला काढल्याचा आदेश आपण 'अर्जदाराच्या तक्रारीस अनुसरून' असे लिहून फाटकावर चिकटवला. अख्ख्या वस्तीने तो वाचला. अर्जदाराची पत्नी तेव्हापासून चहाचा कप आदळून ठेवते आणि विचारले की म्हणते, "लिहा आता माझ्यावर पण अर्ज." लंबूच्या जागी आपण कपड्यांच्या दुकानातला पुतळा आणून उभा केला. त्याचा भांग पाडलेला आहे. बोटे एकमेकांना चिकटलेली आहेत, या हाताने तुटलेल्या धाग्याला गाठ कोण मारणार? शिवाय तो हसतो. मागापुढे हसणारा विणकर अर्जदाराने पाहिलेला नाही. दुपारभर माग बंद असतो आणि भिंतीतल्या स्पीकरमधून मागाचा आवाज येतो. पाहुणे पुतळ्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात. लंबूच्या खांद्यावर हात टाकायची कोणाची छाती झाली नसती.

४. मागील आठवड्यात लंबू रस्त्यात भेटला. अर्जदार शिव्या खाण्याच्या तयारीने उभा राहिला. लंबू म्हणाला, "काय, बरं चाललंय ना?" आणि उत्तर ऐकून न घेता निघून गेला. इतक्या वर्षांत त्याने अर्जदाराची विचारपूस कधी केली नव्हती. अर्जदार त्यानंतर नीट जेवलेला नाही. याची जबाबदारी आपल्या कार्यालयाची आहे.

५. सबब, पुतळा काढून लंबूला परत घ्यावे. त्याच्याविरुद्धच्या सर्व तक्रारी कायम ठेवाव्यात, मात्र त्या मंजूर करू नयेत. तो परत आल्यावर अर्जदार नव्याने तक्रार करील, तीही फाईलला लावून विसरून जावे. हे जमत नसेल तर अर्जदाराच्या जागीही एक पुतळा आणावा. तो बुटका असावा, आणि त्याची फळी रोज कोणीतरी लपवावी.

६. फळी आता रोज सकाळी जागेवर सापडते. आपला शिपाई ती पुसूनही ठेवतो. अर्जदार तिच्यावर चढतो, माग चालू करतो आणि पाळीभर कामात लक्ष लागत नाही. अर्जदारास हे सहन होत नाही.

निर्णय काय तो आदेशाने न कळवता लंबूच्या हजेरीने कळवावा.

आपला नम्र व संतप्त,
माग क्रमांक सात, सकाळपाळी
(सही)

दिनांक : आदेश चिकटवल्यानंतरचा दुसरा सोमवार

सोबत : फळी, एक. ही कार्यालयाने ठेवून घ्यावी. अर्जदारास परत देऊ नये. लंबूच्या हाती द्यावी, कुठे ठेवायची ते त्याला कळते.