गाडीतला फ्रिज आणि माईंचं लोणी

२ एप्रिल

फुलसावंगीहून माईंचा फोन. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, या. आमच्या ह्यांचं, सु.चं, उत्तर तयारच होतं: गुडघे.

सख्ख्या थोरल्या बहिणीशी खोटं बोलताना सत्तरीच्या माणसाचा आवाज जरा तरी चाचरावा! परवा मॅच जिंकल्यावर खुर्चीतून उडी मारली तेव्हा गुडघे कुठे होते? दोन वर्षं झाली, आई-वडिलांच्या नावाची घागर माई एकट्या भरतात. माईसुद्धा भाऊबिजेला येत नाहीत. त्यांचेही गुडघे. या घराण्याचे गुडघे एक दिवस म्युझियममध्ये ठेवायला हवेत.

खरं कारण आमच्या फ्रिजच्या दारात आहे. सु.चं इन्सुलिन. माईंकडे फ्रिज आहे, पण त्यात ठेवायचं म्हणजे माईंना सांगावं लागणार. वडिलांना, दादांना, सुई सुरू झाली आणि वर्षात ते गेले, तेव्हापासून माईंच्या लेखी सुई म्हणजे शेवट. असं सु. म्हणतात.

"तिचं बीपी वाढेल."

"आणि माझं?"

पेपर वर धरला. संभाषण समाप्त.

३ एप्रिल

गेल्या हिवाळ्यात टिपेश्वरला एक नागपूरकर कुटुंब भेटलं होतं. जीपच्या मागे छोटा फ्रिज. त्यातून गार कलिंगड कापून खाल्लं त्यांनी, आम्हाला विचारलंसुद्धा नाही. आज ते आठवलं. कलिंगडासाठी गाडीत फ्रिज चालतो, तर औषधासाठी का नाही?

सु.ला सांगितलं. पेपर खाली आला. "म्हणजे घरात न्यायचाच नाही. डिकीतच राहील." चेहऱ्यावर असा उजेड, की मला रागही येईना. लपवाछपवी मला मान्य नाही. पण आधी माणूस घराबाहेर तर पडू दे.

५ एप्रिल

बाजारात. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदाराने ज्याला हात लावू तो 'बेस्ट आहे मॅडम' असा धोशा लावला. आधी चाळीस लिटरचा दाखवला.

"फॅमिलीसाठी हाच घ्या."

"मला औषध ठेवायचंय. फॅमिली बाहेरच बसेल."

मग एक हलका, सुटकेसएवढा. गाडीच्या लायटरच्या सॉकेटवर चालतो, थंड करतो, बटण फिरवलं की गरमही करतो. मी विचारलं, किती थंड? "एकदम चिल्ड." चिल्ड म्हणजे किती अंश? "मॅडम, हात घालून पाहा ना." दुकानात एसी. हात घातला, गार लागला. घेतला. एवढी वर्षं ट्रेझरीत लोकांच्या बिलांवर आक्षेप काढले, आणि स्वतःचं बिल नुसता हात घालून पास केलं. शाबास.

७ एप्रिल

चाचणी. गाडी अंगणात, फ्रिज चालू, आत बाटलीभर पाणी, पाण्यात थर्मामीटर. बाहेर ४३. चार तासांनी आत २४.

चोवीस! आमच्या माठातलं पाणी याहून बरं. माहितीपुस्तिका भिंग लावून वाचली. शेवटच्या पानावर, मुंगीला चष्मा लागेल अशा अक्षरात: बाहेरच्यापेक्षा साधारण वीस अंशांनी कमी. बस, एवढीच याची धाव. म्हणजे हा महाबळेश्वरला उत्तम चालेल, जिथे फ्रिज लागत नाही. न उघडलेलं इन्सुलिन दोन ते आठच्या मध्ये हवं.

सु. म्हणतात, "जाऊ दे, राहू दे." यांचं ब्रीदवाक्यच आहे ते.

८ एप्रिल

परत केला. दुकानदार म्हणे, वापरलेला माल घेत नाही. मी थर्मामीटर काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, तुमचा एसी बंद करा, आपण दोघं इथे बसू आणि काटा बघू. बाकीची गिऱ्हाइकं थांबून ऐकायला लागली. घेतला परत.

हॉस्टेलातल्या सिस्टर फिलोमिना म्हणायच्या, मुलींनी आवाज चढवू नये. चढवला नाही, सिस्टर. फक्त हळू आणि स्पष्ट बोलले. लोक त्यालाच जास्त घाबरतात, हे तुमच्याकडूनच शिकले.

१० एप्रिल

पुण्याहून निखिल फोनवर: "आई, कशाला एवढा व्याप? आइसबॉक्स घे, बर्फाचे पॅक टाक, झालं." पोराला वाटतं आईचे सगळे प्रश्न दोन वाक्यांत सुटतात.

संध्याकाळी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी बर्फाचं नाव काढताच मान हलवली. उन्हाने जसं इन्सुलिन खराब होतं तसंच गोठूनही होतं. बर्फाला चिकटून राहिलं आणि गोठलं, तर वितळवून वापरायचं नाही, सरळ फेकायचं. दिसायला मात्र तसंच दिसू शकतं.

म्हणजे कमी थंड नको, जास्त थंडही नको. सु.च्या स्वभावासारखं यंत्र हवं. आता कळलं: घरातल्या फ्रिजसारखा कॉम्प्रेसरवाला हवा, ज्यावर आकडा लावता येतो.

१२ एप्रिल

निखिलने लिंका पाठवल्या. अकरा. सगळ्यांत तंबू, डोंगर, दाढीवाले तरुण. एकातही सत्तरीचा माणूस नाही.

मला हवं ते एवढंच: पाच अंशांवर ठेवता यावा. गाडीत चालावा, घरच्या प्लगवरही चालावा. गाडी बंद असताना जोडायला बॅटरी मिळावी. मला एकटीला उचलता यावा. सु. म्हणाले, "आणि आवाज नको." का? "माईला ऐकू येईल."

पंधरा लिटरचा मागवला. किंमत सु.ला सांगितली नाही. तेही विचारत नाहीत. सुखी संसार.

१६ एप्रिल

आला. प्लगला लावला. तासाभराने पडद्यावर आकडा: ३९.

माझा संताप! एवढे पैसे घेऊन यवतमाळचा उन्हाळाच खोक्यात भरून पाठवला! कंपनीला फोन. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅम, हात लावून बघा ना, आत गार आहे का?" पुन्हा हात! लावला. गार होतं. चांगलंच.

"मॅम, तो फॅरनहाइटवर आहे. डावं बटण दाबून धरा."

दाबलं. ४.

माझं इंग्रजी शिक्षण, शाळेत फॅरनहाइटवर पाठ केलेला धडा, सगळं पाण्यात. त्या मुलीला थँक्यू म्हटलं. मनापासून. सु. आतल्या खोलीत हसत होते, मला ऐकू येत होतं.

२१ एप्रिल

भर दुपारी गाडीत चाचणी. काचा बंद, बाहेर ४४. सुरुवातीला उत्तम, मग आकडा चढायला लागला: ७, ९, ११. मी घामाघूम होऊन डिकी उघडली तर फ्रिजवर जाड सोलापुरी चादर. सु.ने टाकलेली. "कोणाला दिसू नये म्हणून." अहो, त्याला श्वास घ्यायला जाळी आहे बाजूला! चादर काढली. अर्ध्या तासात पुन्हा ५.

माझं बोलणं झाल्यावर हळूच म्हणाले, "पण चालतो ना?"

"चालतो."

"मग जाऊ या."

मी चादरीच्या घड्या घालत राहिले. तोंड फिरवून. दोन वर्षांनी ऐकलं हे वाक्य.

२९ एप्रिल

फुलसावंगी. गाडी मीच चालवली. आर्णीला चहाला थांबलो तर सु. उतरेनात. एसी चालू ठेवून फ्रिजची राखण करत बसले. मी चहा काचेतून आत दिला. चहावाला म्हणाला, "काकांले बरं नाही का?" म्हटलं, काकांना खूप बरं आहे, म्हणूनच.

इन्सुलिनचे पेन एका जुन्या सुपारीच्या डब्यात घातलेत. म्हणजे कोणी फ्रिज उघडलाच तर सुपारी! सुपारी फ्रिजात कोण ठेवतं, या प्रश्नाला उत्तर नाही.

माई दारातच उभ्या. भावाला पाहून नुसता त्याच्या दंडाला हात लावला. मग लगेच: "गुडघे कसे हायेत?"

"बरे आहेत. तुझे?"

"माहेबी बरे हायेत."

दोघंही तरातरा पायऱ्या चढून आत गेले.

३० एप्रिल

आखाजी. घागर दोघांनी मिळून भरली. आंब्याचा रस, पुरणपोळी, कुरडया. सु. जेवणाआधी 'चष्मा आणायला' गाडीकडे. चष्मा डोळ्यांवरच होता.

माईंनी रस दोन चमचे घेतला. "दात दुखून राह्यले." पोळी चतकोर. माई! ज्या माझ्या लग्नात रसाची वाटी भांड्यासारखी धरून प्यायल्या होत्या! त्यांच्या सुनेकडे, वंदनाकडे, पाहिलं, तर ती कुरडयांच्या ताटात मान घालून बसली.

रात्री सु. अंथरुणावर: "सांगू का तिला?" मग लगेच, "नको. सण आहे." मला काय वाटतं ते त्यांना दोन वर्षांपासून माहीत आहे.

१ मे

सकाळीच लाईन गेली. वंदना म्हणाली, आता संध्याकाळशिवाय येत नाही. आमचा फ्रिज आपल्या बॅटरीवर निवांत घुरघुरत होता. आकडा ५. मला कोणाचा तरी अभिमान वाटायचाच होता, त्या यंत्राचा वाटला.

अकराच्या सुमारास माई डिकीपाशी आल्या. हातात स्टीलचा डबा, फडक्यात बांधलेला.

"नलू, हे जरासं लोणी ठेवतो का तुह्या मशिनीत? घरच्या फ्रिजात पाझरून राह्यलं."

घेतला. हलका. हलवला तर आत खुळखुळलं. लोणी खुळखुळत नाही. माई वळल्या तशी मी गाठ सोडली. माझ्या फ्रिजात काय जातं ते मी पाहणार. सवय आहे, आणि त्याबद्दल माफी मागणार नाही.

आत कापूस. कापसात पेन. निळे. तेच औषध.

डिकीच्या कडेवर बसून राहिले. दोन वर्षं! इकडे हे, तिकडे त्या. एकमेकांना जपायचं म्हणून एकमेकांकडे जायचं नाही. आणि मी पंधरा लिटरच्या खोक्यामागे महिनाभर धावतेय! ओरडावंसं वाटलं. मग इतकं हलकं वाटलं, की ओरडायला दम उरला नाही.

फडक्याची गाठ होती तशी बांधली. सुपारीचा डबा आणि लोण्याचा डबा शेजारी शेजारी ठेवले. कोणाला काही सांगितलं नाही. सिस्टर फिलोमिनांनी स्वर्गात टाळ्या वाजवल्या असतील.

संध्याकाळी जेवणाची ताटं वाढली. सु. उठले: "चष्मा." माईही उठल्या: "लोणी पाहून येतो." दोघं दोन दारांनी बाहेर. मी आणि वंदना ओसरीवर. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. तिला त्यांचं माहीत, मला यांचं.

"मामी..."

"थांब. जाऊ नकोस."

निंबाखाली गाडी. डिकीशी दोघं समोरासमोर, हातात एकेक उघडा डबा. मग माईंचा आवाज:

"तुले सुपारी कवापासून लागली रे, सुधाकर?"

"तुह्या लोण्याले सुई कवापासून लागली?"

माईंनी आपल्या डब्याचं झाकण लावलं:

"दोन वर्सं."

"मले बी."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"दादांच्या टायमाले तू दोन दिवस जेवली नव्हती. मले वाटलं, तू पुन्हा..."

"अन् मले वाटलं, तू."

मग माई हसायला लागल्या. डिकीच्या कडेवर बसून, डबा मांडीत घेऊन, पदर तोंडाला लावून. सु. त्यांच्या शेजारी. हसत होते का रडत होते, ओसरीवरून कळत नव्हतं. मी गेले नाही. ते दोघांचं होतं.

वंदना डोळे पुसत म्हणाली, "मामी, मी कवाची सांगून राह्यलो होतो, मामांले सांगा म्हणून. आयकतच नव्हत्या."

मी म्हटलं, आपल्या दोघींना तोंडं फुकट दिली आहेत देवाने.

पोळ्या गार झाल्या. कोणी तक्रार केली नाही.

२ मे

माझा हुकूम: माईंच्या पेनांना लाल दोरा, सु.च्या पेनांना रबर. औषध एक असलं तरी डोस वेगळे. आणि एकाचा पेन दुसऱ्याने वापरायचा नाही, सुई बदलली तरी नाही. माई म्हणाल्या, "हेडमास्तरीण हाय ही." सु. म्हणाले, "ट्रेझरी." दोघं एका बाजूला झाले की मला जड जाणार, दिसतंच आहे.

निघताना सु.ची उदारता: "फ्रिज माईकडेच राहू दे. इथे लाईन जाते."

माझा फ्रिज! भिंग, थर्मामीटर, फॅरनहाइट, सगळं मी सोसलेलं! तोंड उघडणार तोच माई म्हणाल्या, "मले नको मशीन. मीच येतो ना तिच्यासंग."

पिशवी भरलेली होती. सकाळपासून.

८ मे

यवतमाळ. माई आल्यापासून घरात दोन अलार्म वाजतात, दोघं समोरासमोर बसून एकमेकांच्या साखरेचा आकडा विचारतात, आणि ज्याचा कमी तो मिशा नसतानाही मिशीला ताव देतो. भाऊबीज आत्ताच करून घेतली. ओवाळणीत सु.ने त्यांना सुयांची डबी दिली. माईंनी त्यांना चापट मारली.

काल फ्रिज पुसत होते तर माई शेजारी येऊन बसल्या.

"यात किती दिस टिकते गं?"

"वीज मिळेल तोवर."

"मंग समुद्रालोक जाईन का?"

समुद्रापर्यंत? मी फडकं थांबवलं.

"कायले पाहून राह्यली अशी? म्या पाह्यलाच नाही समुद्र."

सु. आतून नकाशा घेऊन आले. खरा, कागदाचा, घड्यांवर फाटलेला. निखिलला फोन केला तर म्हणाला, आई, या उन्हात? इतक्या लांब? तुम्ही तिघं? मी म्हटलं, तुझी मतं दोन वाक्यांत सांग, नेहमीसारखी. डॉक्टर मात्र नको म्हणाले नाहीत. हो असंही म्हणाले नाहीत. आकडे तपासू, मग बघू, म्हणाले.

माईंना विचारलं, येणार का नक्की?

"गुडघ्याले विचारून सांगतो."

वंदनाने गावाकडून येणाऱ्या कोणाच्या तरी हाती एक डबा पाठवला, तो आज पोचला. फ्रिजात सुपारीच्या आणि लाल दोऱ्याच्या डब्यांच्या मध्ये बरोबर बसला. गाठ सोडून पाहिलं. सवय.

लोणी आहे.